काळ्याच्या नादी लागू नकोस

म्यूनिक

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवाच हाती पडलं. बव्हेरियाचं काळं टपाल तिकीट स्वस्तात मिळतंय म्हणून जीव वरखाली होतोय, हे अक्षरावरूनच कळलं! अजून पैसे दिले नसशील तर जरा थांब.

बव्हेरिया तेव्हा वेगळं जर्मन राज्य, क्रॉयझर हे तिथलं नाणं. तिथलं एक क्रॉयझरचं काळं हे सगळ्या जर्मन राज्यांतलं पहिलं तिकीट, १ नोव्हेंबर १८४९ चं. आपल्याकडचं पहिलं तिकीट, सिंध डाक, तेसुद्धा त्याहून धाकटं, १८५२ चं. त्यामुळे जो तो त्याच्याच मागे. रूप म्हणशील तर मधोमध मोठा एकचा आकडा आणि भोवती नक्षी. गावातल्या गावात जाणाऱ्या पत्रांना आणि छापील कागदांना ते लावायचे. काळ्यावर काळा शिक्का धड उमटून दिसेना, म्हणून लवकरच त्याचा रंग गुलाबी केला. (जगातलं पहिलं तिकीट, इंग्लंडचं पेनी ब्लॅक, त्याचंही दुखणं साधारण असंच होतं.) तेवढ्यातही आठ लाखांवर छापली गेली, म्हणजे अगदी दुर्मिळ वगैरे काही नाही. दुर्मिळ आहे ते धडधाकट तिकीट. तिकिटं फाडून सुटी करायला कडेला छिद्रं नव्हती, कात्रीने कापायचे, आणि दोन तिकिटांमधली जागा अगदी चिंचोळी. चारही कडा शाबूत असलेलं सापडलं तर नशीब. मग कारागीर मंडळी कडा जोडतात, विरलेला कागद मागून भरून काढतात. स्वस्त असण्याचं कारण बहुधा तेच.

शिवाय तीन आणि सहा क्रॉयझरच्या कागदात लाल रेशमी धागा असतो; काळ्यात तो नाहीच! म्हणजे घरबसल्या तपासायची सोपी खूण गेली. तज्ज्ञाचा अस्सलपणाचा दाखला नसेल तर मी फुकटसुद्धा घेणार नाही. बरं, फुकट मिळालं तर बघू.

त्यापेक्षा तीन क्रॉयझर निळं घे. १८६२ पर्यंत चाललं, ढिगाने मिळतं, तुझ्यामाझ्या खिशाला परवडतं. पालथं घालून तिरप्या उजेडात भिंगाखाली धर: केसाएवढी लाल रेघ कागदाच्या पोटात दिसते. काही वेळा धागा कडेशी जरासा सुटलेला असतो. मी तासन्‌तास बघत बसतो, बायको हसते. फक्त एक सांभाळ, १८६२ नंतरचं सहा क्रॉयझरही निळंच आहे. आकडा बघून घे.

पण खरी मजा शिक्क्यांत. १८५० पासून प्रत्येक पोष्टाला नंबर दिला आणि पाणचक्कीच्या चाकासारख्या शिक्क्याच्या मधोमध तो बसवला. नंबर गावांच्या नावांच्या वर्णक्रमाने. पुढे नवी पोष्टं निघत गेली, क्रम विस्कटला, आणि १८५६ च्या अखेरीस सगळ्यांना नव्याने नंबर वाटले. म्हणजे तोच आकडा आधी एका गावाचा, नंतर भलत्याच! सुट्या तिकिटावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून मी अख्खी पत्रं घेतो. तेव्हा वेगळं पाकीट क्वचितच, कागदच घडी घालून वर पत्ता लिहायचे. माझ्याकडच्या एका पत्रात हॉप्सच्या (बिअरमध्ये घालतात ती फुलं) व्यापाऱ्याचा हिशेब आहे. जुनं जर्मन वळण, निम्मं लागत नाही, पण बेरजा लागतात, आणि त्यातली एक चुकलेली आहे.

पत्राचा दर सुरुवातीला बारा मैलांपर्यंत तीन क्रॉयझर, त्यापुढे सहा. आपल्या मैलांच्या हिशेबात जाऊ नकोस, तिथला मैल सात किलोमीटरहून मोठा. बव्हेरिया १८७१ मध्ये जर्मन साम्राज्यात गेलं, तरी स्वतःची तिकिटं १९२० पर्यंत काढत राहिलं. मी मात्र १८७५ ला थांबतो. पुढच्या वर्षापासून क्रॉयझर जाऊन पफेनिग आले, आणि माझा जीव काही त्यांत रमत नाही.

तर त्या विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा मोठा फोटो मागव आणि मला पाठव. टाळाटाळ करायला लागला तर समज काय ते. तुझ्यासाठी एक निळं, बऱ्यापैकी कडांचं, बाजूला काढून ठेवलंय. टपालाने पाठवत नाही, दिवाळीत येतोय तेव्हा आणतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या