खड्डे काढण्याआधी एकदा खाली बघायला सांगा : वनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. गेल्या रविवारी आषाढाची झड लागलेली असताना माझ्या सातवीतल्या लेकीला घेऊन नायगावच्या मयूर अभयारण्यात पक्षी बघायला गेले होते. असल्या पावसात कोण पक्षी बघायला जातं, असं घरचे म्हणाले. आमच्याकडे अशी झड वर्षातून चार-दोन दिवसच लागते, म्हणून मुद्दाम गेलो. तिथं जे बघितलं आणि परतताना एका गायरानात जे बघितलं, ते आपल्या कानावर घालायचं आहे.

पाटोदा तालुक्यातलं हे अभयारण्य १९९४ सालचं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. बालाघाटाच्या रांगेतला खडकाळ मुलूख, बोरी-बाभळी, हिवर, सीताफळीची झुडपं आणि मधेमधे कुसळी गवताचे माळ. सकाळी सातला पोचलो तेव्हा इतका बारीक पाऊस होता की अंगाला कळत होता, डोळ्यांना दिसत नव्हता. दुर्बिणीच्या काचा सारख्या ओढणीनं पुसाव्या लागत होत्या. दूरचं काही दिसेना, म्हणून दोघी नुसतं ऐकत उभ्या राहिलो. पावशाचं 'पेरते व्हा, पेरते व्हा' चाललं होतं. मग बाभळीच्या शेंड्यावर चातक येऊन बसला. काळी पाठ, पांढरं पोट, तुरा भिजून डोक्याला चिकटलेला. हा मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून येतो आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकतो, असं लेकीला सांगितलं, तर तिला सातभाईंचीच कीव आली.

मोरही दिसला. हिवराच्या आडव्या फांदीवर पिसारा खाली सोडून बसला होता आणि पिसाऱ्याच्या टोकांतून पाणी निथळत होतं. जोराची सर आली की तो असाच गप बसून राहतो. सर थांबली, आभाळ मात्र भरलेलंच राहिलं, की खाली उतरून नाचतो. अर्ध्या तासानं तसंच झालं. माझं लक्ष मात्र लांडोरीकडे होतं. ती मान खाली घालून, गवतातून दबकत दबकत एका बोरीच्या जाळीत शिरली आणि पुन्हा बाहेर आली नाही. तिथं घरटं असावं. आम्ही जवळ गेलो नाही. मोर रात्री झाडावर बसतो, पण लांडोर अंडी घालते ती भुईवर, झुडपाच्या आडोशाला उथळ खळगा करून, आणि तेही याच पावसाळी महिन्यांत. १९६३ पासून जो आपला राष्ट्रीय पक्षी आहे, त्याचा पाळणा जमिनीवर आहे.

परतताना अभयारण्यापासून बऱ्याच लांब, एका गावच्या गायरानाशी गाडी थांबवली. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन एक म्हातारबाबा शेळ्या राखत होते. आम्ही चार पावलं आत टाकली तसे ओरडले, "बाई, तिकून नगा जाऊ. टिटवी बसलीय तितं."

सात-आठ हातांवर होती ती, पण त्यांनी बोट दाखवेपर्यंत आम्हाला दिसली नाही. जोडीदार वरून ओरडत घिरट्या घालत होता. ती क्षणभर उठली, तेव्हा अंडी दिसली. चार, टोकं आत वळलेली, मातकट रंगावर काळे डाग. मुरमाच्या खड्यांत ती खड्यांसारखीच वाटत होती. लगेच पुन्हा बसली, पंख जरासे सैल सोडले आणि पाठीवरचे थेंब अंड्यांवर न पडता कडेच्या खड्यांवर ओघळू लागले. चहूकडून पाणी वाहत होतं, पण बसली होती तिथं वीतभर उंचवटा होता. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जोराचा, असा आमच्याकडे जुन्या माणसांचा अंदाज. बाबा म्हणाले, "औंदा वर घातल्यात."

त्याच उंचवट्यावरून चुन्याची रेघ गेली होती. पावसानं अर्धीअधिक धुऊन नेलेली, पण ओळखू येत होती. झाडं लावायच्या खड्ड्यांची आखणी होती ती. पलीकडच्या निम्म्या माळावर खड्डे निघालेही होते, दीड-दीड फुटांचे, ओळीनं, पाण्यानं तुडुंब भरलेले. "पुढल्या आठवड्यात जेसीबी इकडं येणार म्हणत्यात," बाबा म्हणाले.

हे काम कुणाचं, कोणत्या योजनेतलं, हे मी इथं लिहीत नाही. एकाला बोल लावून हा प्रश्न सुटणार नाही, कारण हे जागोजागी होतं. माझ्या माहेरच्या माळावरही झालं. तिथं गवत उपटून ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावलं. त्यातली बरीच रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात वाळून गेली, खड्डे तेवढे उरले. लहानपणी त्या माळावरून शाळेत जाताना चंडोल गात गात सरळ आभाळात चढायचा आणि दगडासारखा खाली यायचा. आता माहेरी गेले की मुद्दाम त्या वाटेनं जाते. ऐकू येत नाही.

झाडं लावू नका, असं मी म्हणत नाही. मे महिन्यात मराठवाड्यात एसटीची वाट बघत उभं राहिलेल्या कुणाला झाडाची किंमत सांगावी लागत नाही. पण राज्याचं वृक्षलागवडीचं उद्दिष्ट २०१६ साली २ कोटी होतं, पुढं ४, मग १३ आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झालं. एवढ्या रोपांना जागा हवी. शेतकऱ्याचं रान घेता येत नाही, मग बोट माळाकडे जातं, कारण कागदावर तो 'पडीक' असतो. त्या पडीक जमिनीवर तित्तिर, लावा, चंडोल, धाविक, टिटवी अशी सगळी भुईवर घरटी करणारी मंडळी राहतात. खोकड तिथंच बीळ करतं. धनगरांची मेंढरं तिथंच चरतात. सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोक या गवताळ माळावरच्या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आज तिथं माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. गवताळ माळाचं महत्त्व कळायला आपल्याला फार उशीर लागतो, याचं याहून जवळचं उदाहरण माझ्याकडे नाही.

खड्डे उन्हाळ्यात काढायचे, तापू द्यायचे आणि पाऊस पडला की रोप लावायचं, ही आपल्याच खात्याची जुनी रीत. मंजुरीला नाहीतर निधीला उशीर झाला की खोदाई जुलैत जाते, म्हणजे ऐन विणीच्या हंगामात. तेव्हा माझं पहिलं मागणं साधं आहे : जूनपासून सप्टेंबरपर्यंत माळावर आणि गायरानात यंत्रानं खोदाई करू नये, असा आदेश काढा. आणि जिथं पूर्वीपासून गवत आहे, ते माळ लागवडीच्या यादीतून कायमचे वगळा. झाडं गावात लावा, शाळेत लावा, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी लावा. आमची शाळा शंभर रोपं जगवायला तयार आहे, हे लिहून देते.

दुसरं मागणं पक्षी सप्ताहाचं. ५ ते १२ नोव्हेंबर हा सप्ताह आपण साजरा करता, ते चांगलंच आहे. तेव्हा जायकवाडीला पाहुणे पक्षी यायला लागलेले असतात, आम्हीही मुलांना घेऊन जातो. पण घरच्या पक्ष्यांचं बाळंतपण असतं आषाढ-श्रावणात. तेव्हा प्रत्येक तालुक्यातल्या माळांवर घरट्यांची पाहणी व्हावी आणि त्या कामावर गुराख्यांना, मेंढपाळांना मजुरी देऊन घ्यावं. आम्हा दुर्बीणवाल्यांना सात हातांवरची टिटवी दिसली नाही, बाबांना ती लांबून ठाऊक होती. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं आहे. अशा माणसांना सरकारी कामात जागा द्यायला याहून चांगलं निमित्त कोणतं?

निघताना लेकीनं टिटवीच्या चारी बाजूंना, बेतानं अंतर ठेवून, चार मोठे दगड मांडले. जेसीबीवाल्याला दिसावेत म्हणून. बाबा म्हणाले, मी बघतो, तुम्ही जा. टिटवीची अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात. अंडी कधी घातली ते आम्हाला माहीत नाही, पण जेसीबी येत्या सोमवारी येणार आहे. गावाचं नाव आणि जागेचा नकाशा मी आपल्या कार्यालयाला वेगळा पाठवला आहे. सोमवारच्या आत एक फोन जावा, एवढी विनंती.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक शिक्षिका