गुरुवार धरा

प्रिय आई-बाबा,

शालोम.

नातू तेरा वर्षांचा होऊन धर्माच्या जबाबदाऱ्या घेईल, त्या बार मित्स्वाला शब्बाथ म्हणजे शनिवार नको, गुरुवार धरा. शब्बाथला तेफिलिन (दंडावर आणि डोक्यावरच्या धर्मवचनांच्या चामडी पेट्या) बांधत नाहीत, फोटो नाहीत, रिक्षाही नाही; म्हणजे गुडघे सांभाळत आईने टेंभी नाक्याच्या सिनेगॉगपर्यंत चालायचं. गुरुवारी तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, वाचतातच, फक्त वाचनाला तिघांनाच बोलावतात आणि हफ्तारा (संदेष्ट्यांच्या ग्रंथांतलं वाचन) नसते. तेरा वर्षं मात्र हिब्रू तारखेने पूर्ण व्हायला हवीत, नाहीतर त्याला मिन्यानमध्ये, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत, मोजता येणार नाही. बाबा, दहा पुरुष लागतात म्हणून चौदांना सांगून ठेवा. कामाचा दिवस, ऐन वेळी दोघं-तिघं गळतातच, आणि दहा भरले नाहीत तर तोरा बाहेर निघत नाही.

तुमचे जुने तेफिलिन त्याला द्यायचे असतील तर इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हातसामानातून आधी पाठवा. इथला सोफेर, म्हणजे धर्मलेखक, शिवण उघडून तपासेल. आपल्याकडच्या दमट हवेत शाई तडकते, आणि आतलं एक अक्षर पुरतं तुटलं तर नुसतं तेवढंच भरून चालत नाही, कारण अक्षरं क्रमानेच लिहिलेली असावी लागतात. बहुतेक वेळा तो चर्मपत्राचा तुकडा नवाच लिहून घ्यावा लागतो.

पोरगा डावखुरा, म्हणून पेटी उजव्या दंडावर. सदरा शिवायला टाकाल तेव्हा उजवी बाही खांद्यापर्यंत सरकेल इतकी सैल सांगा. पेटी आणि कातडीच्या मध्ये कापड आलेलं चालत नाही. डोक्यावरची पेटी कपाळावर घसरते ही सगळ्याच मुलांची रड. तिची जागा केस उगवतात तिथून वर. पट्ट्याची गाठ डोक्याच्या मापाची नसली की ती घसरणारच.

तोराचं वाचन रेकॉर्डिंगवरून पाठ करून घेत नाही. गुंडाळीत ना स्वरचिन्हं, ना सुराच्या खुणा. पोपटपंची केलेला मुलगा एका शब्दाला अडला की पुढची जागाच सापडत नाही. तिक्कूनमध्ये, म्हणजे सरावाच्या पुस्तकात, एका रकान्यात खुणा असतात, शेजारच्यात कोरा मजकूर. रोज थोड्या ओळी, आधी इकडून मग तिकडून. सूर मात्र ठाण्याचाच हवा, तेवढा प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांकडून फोनवर घेऊन पाठवा.

मलिद्याच्या गोड पोह्यांसाठी पंचवीस माणसांना किलोभर जाडे पोहे पुरतात. चाळणीत धुवायचे, भिजत ठेवायचे नाहीत, नाहीतर लगदा होतो. खोबरं त्याच दिवशी खवा, रात्रीचं उकाड्यात आंबतं. फळं पाच प्रकारची घ्या. त्यांत केळं असलं तरी त्यावर म्हणायचा आशीर्वाद जमिनीच्या फळाचा, झाडाच्या फळाचा नव्हे. पोराला हे नक्की विचारतील.

आता त्सेदाका, म्हणजे दान. आपल्या समाजातल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांना शिधा द्यायचा पोराचा विचार आहे. पाच किलो तांदूळ, किलो तूरडाळ, लिटरभर तेल, किलो साखर, पाव किलो चहा: एवढं एका पिशवीत भरलं की आठ किलोंच्या वर जातं, तिसऱ्या मजल्यावरच्या आजीला उचलत नाही. दोन पिशव्या करा. आधी विचाराही, कुणाला तांदळापेक्षा औषधाचं बिल भरलेलं हवं असेल. पैसे त्याच्या खाऊच्या साठ्यातून, आणि समारंभात येणाऱ्या पाकिटांचा दहावा हिस्सा नंतर. नातेवाइकांकडून वर्गणी गोळा करून त्याच्या नावावर खपवायला माझा साफ विरोध आहे.

नावं ट्रस्टच्या लोकांनीच ठरवावीत, पिशव्याही त्यांनीच पोचवाव्यात. घेणाऱ्याला देणारा कळू नये, देणाऱ्याला घेणारा. रामबाम या मध्ययुगीन ज्यू धर्मपंडिताने हे दान फार वरच्या पायरीवर ठेवलंय. तेव्हा बाबा, पिशव्यांचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

तारीख पक्की झाली की तिकिटं काढते.

तुमची,
लेक