परीक्षेच्या दिवसांतलं जेवण

शिरगाव, रत्नागिरी
जुलै, रविवार

प्रिय समीर,

परवा फोनवर तुझा आवाज अगदी खोल गेलेला वाटला. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव, रात्री भूक मेली म्हणून परत चहा. त्यात परीक्षा तोंडावर आणि जर्नलं अपुरी. खानावळीच्या डब्यावरचा तेलाचा तवंग बघूनच नको वाटतं म्हणालास, तेही पटलं. पण असं महिनाभर चालायचं नाही रे. म्हणून सविस्तर लिहितोय.

मला विचारशील तर आपलं जेवण चुकतं ते रात्री नऊला पडणाऱ्या ‘आता काय करू?’ या प्रश्नापायी. दमलेल्या डोक्याला तो प्रश्न झेपत नाही आणि हात बिस्किटाच्या पुड्याकडे जातो. तेव्हा तो प्रश्न पडूच द्यायचा नाही. आपल्या आया मे महिन्यात आगोटीची बेगमी करतात, मग बाहेर धो धो कोसळत असलं तरी घरात चूल पेटते. तुझे पुढचे चार आठवडे तसेच समज. एक रविवार काढ आणि डबे भरून ठेव. कुळथाचं पीठ, उकडा तांदूळ, मेतकूट, आमसुलं, पातळ पोहे, लसूण आणि सुका जवळा. एवढ्यावर महिना निघतो.

यातली कुळथाच्या पिठाची पिठी मी सगळ्यात वर ठेवीन. दोन वाट्या पाण्याला तीन मोठे चमचे पीठ पुरतं. पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवून घे, गरम पाण्यात थेट टाकलंस तर गुठळ्या होतात. लसणीच्या चार पाकळ्या सालासकट ठेचून तेलात टाक आणि कडा तांबूस होईपर्यंत थांब, घाई करू नको. पिठीची सगळी चव तिथेच ठरते. मग हिंग, हळद, हिरवी मिरची. पाणी, मीठ आणि दोन आमसुलं घालून उकळी आली की कालवलेलं पीठ एका हाताने ओत आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. आधी फेस चढतो, मग तो बसतो, रस दाटतो आणि मधूनमधून बुडबुडा फुटून फट् असा आवाज येतो. तो आला की पाच मिनिटं मंद आचेवर ठेव, झालं. भातावर घे, वर घरचं तूप असेल तर उत्तमच. कुळथात शंभर ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, त्यामुळे पिठी-भात खाऊन बसलास की मध्यरात्रीपर्यंत पोट कुरकुरत नाही.

सकाळी पेज. उकडा तांदूळ रात्री भिजत घाल, उठल्यावर भरपूर पाणी घालून कुकरला लाव आणि आंघोळ उरक. तुसासकट भात उकडतानाच सालाजवळची काही ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, म्हणून सडलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा उकडा बरा. सोबत लोणच्याची फोड. मात्र उरलेली पेज ओट्यावर ठेवून संध्याकाळी खाऊ नकोस. आम्हाला मायक्रोबायोलॉजीत बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू शिकवलाय. त्याचे बीजाणू शिजवूनही जगतात, उबदार भातात वाढतात आणि उलट्या करवणारं त्यांचं विष परत उकळूनही जात नाही. लागेल तेवढीच कर, उरलीच तर लगेच फ्रीजमध्ये.

ताज्या मासळीची आस आत्ता सोड. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, बाजारात येतं ते थोडं आणि महाग. याच दिवसांसाठी जवळा असतो. निवडून, चाळून वाळू काढ, कोरडाच तव्यावर कुरकुरीत भाज, मग कांदा, तिखट, आमसूल आणि ओलं खोबरं घालून परत. वासाची रूममेटला अडचण असेल तर आधी विचार, खिडकी उघडी ठेव. मिठाचा हात मात्र आखडता, जवळा मुळात खारट असतो.

लाइट गेली आणि तुझी इंडक्शन बंद पडली तर दडपे पोहे. पातळ पोह्यांत ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, मीठ, लिंबू कालवून वर ताटली दडपून ठेव, पंधरा मिनिटांत मऊ होतात. फोडणी नसली तरी चालतं. मला तर बिनफोडणीचेच जास्त आवडतात.

चहा सोड असं म्हणणार नाही, फक्त जेवणावर लगेच घेऊ नको. त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. तासभर जाऊ दे, मग खुशाल घे.

रात्री जागायचंच असेल तर जेवून जाग, समीर. तुझी ही परीक्षा नीट पार पडावी असं मला मनापासून वाटतं आणि त्यासाठी तू धडधाकट राहायला हवास. काकूंना यातलं काही कळवलेलं नाही, पण तूच त्यांना फोन कर. त्यांच्या हातचं मेतकूट मागून घे, विकतच्याला ती चव नाही.

शनिवारी माझी ताई दापोलीला येतेय. तिच्याबरोबर कुळथाचं पीठ, आमसुलं आणि आईने केलेली मिरगुंडं पाठवतो. पिशवी स्टँडवर तिच्याकडून घे आणि त्याच रात्री पिठी कर. कशी झाली ते कळव.

तुझा,
मंदार