बंड्यास पत्र: पळून गेलेल्यांच्या बाजूनं

नागपूर

प्रिय बंड्या,

परवा फोनवर अमेरिकेतल्या पळून गेलेल्या गुलामांचा विषय निघाला आणि तू म्हणालास, "लढले ते शूर, पळून गेले त्यांचं काय कौतुक?" मी तेव्हा बर्डीच्या गर्दीत होतो, आणि तसंही तू समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून पत्र. आता बोल मधे!

आधी हे सांग, आग्र्याहून सुटका आपण चौथीत कशी शिकलो? १७ ऑगस्ट १६६६ ला महाराज औरंगजेबाच्या पहाऱ्यातून निसटले, हे सांगताना बाईंचा आवाज चढायचा. पेटाऱ्यांचं चित्र काढायला तूच पुढं असायचास. मग अमेरिकेतले गुलाम निसटले की तुझं माप काऊन बदलते बे?

एलन क्राफ्टचंच घे. जॉर्जियातल्या मेकन गावची. आई गुलाम, बाप आईचा मालक, त्यामुळे रंगानं गोरी. डिसेंबर १८४८ मध्ये तिनं केस कापले, पुरुषाचे कपडे चढवले, डोळ्यांवर हिरवा चष्मा, डोक्यावर उंच हॅट. नवरा विल्यम झाला तिचा गुलाम. उपचारासाठी फिलाडेल्फियाला निघालेला आजारी जमीनदार, असं सोंग. पण हॉटेलच्या वहीत सही कशी करणार? गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं तिथं कायद्यानं गुन्हा होता. म्हणून तिनं उजवा हात झोळीत अडकवला. दाढी नाही हे कळू नये म्हणून गालाला पट्टी बांधली. एवढं करून आगगाडीत शेजारी येऊन बसला कोण, तर मालकाच्या घरी ऊठबस असलेला, तिला लहानपणापासून पाहिलेला माणूस! तो बोलायला लागला आणि हिनं बहिरेपणाचं सोंग घेतलं. नाताळच्या सकाळी दोघं गुलामगिरी नसलेल्या फिलाडेल्फियात उतरले. इतकी थंड डोक्याची आखणी मी तरी फार कमी लढायांत वाचली आहे.

रॉबर्ट स्मॉल्सनं तर अमेरिकेतल्या यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेचं जहाजच पळवलं. १३ मे १८६२, चार्ल्स्टन बंदर, गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेलेले. २३ वर्षांच्या या गुलाम खलाशानं कप्तानाची गवती हॅट घातली, वाटेत बायकापोरांना चढवून घेतलं आणि किल्ल्यासमोर नेमकी ठरलेली शिट्टी देऊन तोफांसकट 'प्लँटर' बाहेर काढलं. पुढं तो अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. जुन्या मालकाचं घरही त्यानंच विकत घेतलं, हे मला जास्त आवडतं.

पळणं इतकं किरकोळ असतं तर मालक मंडळींनी पळालेल्या गुलामांना परत धरून आणायचा १८५० चा कायदा कशाला करून घेतला असता? पळालेल्याला आसरा दिला तर हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला माणूस परत पाठवला तर १० डॉलर, सोडला तर ५. कारण काय, तर परत पाठवण्यात कागदपत्रं जास्त! या कायद्यामुळं क्राफ्ट नवराबायकोला बोस्टन सोडून इंग्लंड गाठावं लागलं. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्यांच्याशी वाद घालायची माझी काय प्राज्ञा, पण त्या मानातला निम्मा वाटा मी निसटणाऱ्यांना दिला असता.

तू म्हणशील, अमेरिकेचं राहू दे, इथलं बोल. इथलं तर सायकलच्या अंतरावर आहे. बाबासाहेबांनी आधी आत राहून लढून पाहिलं. १९२७ ला महाडचं तळं, १९३० ला काळाराम मंदिर. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षाभूमीवरचा दिवस उजाडला १४ ऑक्टोबर १९५६ ला. मध्ये एकवीस वर्षं! याला पळ काढणं म्हणणारे तेव्हाही होते, आजही भेटतात.

आमच्या गल्लीतल्या आजी त्या दिवशी तिथं होत्या, दहा-बारा वर्षांच्या. भाषणातलं त्यांना काही आठवत नाही. आईनं शेजारणीकडून मागून आणलेलं पांढरं लुगडं आठवतं. घरी परतल्यावर बापानं देव्हाऱ्यातले देव फडक्यात गुंडाळून नदीत सोडले, आणि आई रात्रभर जागी होती, कोपेल की काय म्हणून. सकाळी काहीच झालं नाही. गावानं काम देणं मात्र बंद केलं.

दिवाळीला ये. तर्री-पोहे खाऊ आणि आजींकडे जाऊ, तुझा प्रश्न त्यांनाच विचार. फक्त थोडा लांब बस, काठी हाताशीच असते त्यांच्या.

तुझा,
पक्या