आईला तो प्रश्न विचारल्याबद्दल

आदरणीय मिस्त्रीभाऊ यांस,
सप्रेम नमस्कार.

आपण मजुरीचे साडेतीनशे रुपये मोजून घेतलेत, जुना सेन्सर वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलात आणि दुसऱ्या गाडीकडे वळलात, तेव्हाच मी आपले आभार मानायला हवे होते. पण त्या वेळी बोलायला लागले असते तर रडू आले असते, म्हणून नुसते हात जोडून निघाले. त्याला आता सहा आठवडे झाले. या काळात जळगावच्या दोन खेपा झाल्या आणि गाडी एकदाही बंद पडली नाही. ज्यांनी आमची बोळवण केली त्यांच्याविषयी मी चारचौघांत पुष्कळ बोलले आहे. मग आपल्याविषयीही चारचौघांतच बोलले पाहिजे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ‘नाव नका टाकू, ताई’ असे आपण बजावले होते, ते मात्र पाळते आहे.

आईच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला मधुमेहामुळे सूज आली आहे आणि दर महिन्याला जळगावला नेऊन त्या डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. अमळनेरहून धरणगाव, पाळधी करत जाणारा तो रस्ता मी डोळे मिटून सांगू शकते, पण फेब्रुवारीपासून त्याच रस्त्याची मला धास्ती वाटू लागली होती. गाडी सकाळी एका हाकेला चालू व्हायची, तासभर विनातक्रार पळायची आणि मग चालता चालता, ना झटका ना आवाज, एकदम मुकी व्हायची. अर्धा-पाऊण तास थांबले की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा चालू व्हायची. मार्चमध्ये ती बांभोरीच्या पुढे, गिरणेच्या पुलावर बंद पडली. मागे कापसाच्या गाठी भरलेला ट्रक हॉर्न वाजवत उभा होता, त्याच्यामागे लांबलचक रांग लागली होती आणि आई डोळ्याला पट्टी बांधून माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला होता. तिचा हात थरथरत होता की माझा, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

त्यानंतर मी तीन ठिकाणी गेले. एका मोठ्या, काचेच्या दालनाच्या वर्कशॉपमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि ‘एकही कोड नाही, म्हणजे गाडीत फॉल्ट नाही’ असे सांगून सर्व्हिसिंगचे बिल हातात दिले. दुसऱ्या ठिकाणी पेट्रोलचा पंप बदलला. तिसऱ्या ठिकाणी प्लग बदलले, कॉइल बदलली, बॅटरीही बदलायला लावली. मिळून सव्वीस हजार रुपये गेले. मी माध्यमिक शाळेत शिकवते, त्यामुळे सव्वीस हजार म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायला नको. तरीही पैशांपेक्षा जास्त लागले ते त्या तिसऱ्या ठिकाणचे बोलणे. ‘मॅडम, तुमचा क्लच सोडायचा अंदाज चुकतो,’ असे तो गृहस्थ माझ्या आईदेखत म्हणाला. मी बावीस वर्षे गाडी चालवते आहे. ऐंशीच्या वेगाने सरळ रस्त्यावर चाललेली गाडी क्लचच्या अंदाजाने बंद पडत नाही, हे त्यालाही ठाऊक असणारच. पण बाईमाणसाला गप्प करायला तेवढे वाक्य पुरते, हेही त्याला ठाऊक होते. तिघांपैकी एकानेही गाडी तापेपर्यंत चालवून पाहिली नाही. तिघांनीही थंड गाडी तपासली, आणि थंड गाडीला काहीच झालेले नसायचे.

एप्रिलमधल्या त्या दुपारी गाडी आपल्या शेडच्या अलीकडे, दोनशे पावलांवर बंद पडली, हे आमचे नशीब. आपण एका ट्रॅक्टरच्या कामात होतात. हात पुसत आपण उन्हातून चालत आलात, दोन पोरांना हाक मारून गाडी ढकलत शेडच्या सावलीला आणवलीत आणि बॉनेटला हात लावण्याआधी माठातले पाणी मागवलेत. मी माझी सगळी कहाणी सांगितली. आपण मधे एकदाही तोडले नाहीत. आणि ती संपल्यावर आपण जे केलेत, ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

आपण ग्रीसने माखलेले एक लाकडी स्टूल ओढलेत, आईच्या खिडकीपाशी ठेवून त्यावर बसलात, म्हणजे आपला चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला, आणि अहिराणीत विचारलेत, ‘माय, गाडी जवय बंद पडस तवय तुले काय दिसस?’

भाऊ, माझ्या आईला गेल्या वर्षभरात हे कोणी विचारलेले नाही. डॉक्टर विचारतात, पण ते भिंतीवरच्या अक्षरांबद्दल. डोळा अधू झाल्यापासून घरातल्या आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, असे धरून चालायला सुरुवात केली होती की तिला आता काही दिसत नाही. ताट हातात द्यायचे, जिना उतरताना दंड धरायचा आणि तिच्या वतीने आपणच बोलायचे. तिचा उजवा डोळा चांगला आहे, हे आम्ही जवळजवळ विसरलो होतो. दर खेपेला ती माझ्या शेजारी बसलेली होती आणि माझी नजर रस्त्यावर असताना तिची नजर समोरच्या काट्यांवर होती. आपला प्रश्न ऐकून ती क्षणभर माझ्याकडे पाहू लागली, जणू उत्तर द्यायची परवानगी मागत होती. मग पदर सावरून ताठ बसली आणि म्हणाली, ‘आधी डावा काटा खाले पडस, मंग गाडी थांबस.’

आपण हसलात. ‘आधी ना, माय? नक्की?’ असे एकदाच विचारलेत. ‘नक्की,’ आई म्हणाली. तिचा असा ठाम आवाज मी फार दिवसांनी ऐकला.

नंतर आपण समजावून सांगितलेत ते माझ्या पक्के लक्षात राहिले आहे. पेट्रोल कमी पडले तर गाडी आचके देते आणि इंजिन मंदावत जाईल तसतसा इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा तो डावा काटा उतरतो. गाडी अजून वेगात असताना, इंजिन फिरते आहे तोवरच काटा शून्यावर पडतो, याचा अर्थ इंजिनच्या फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरकडून खबर येणेच थांबते. त्या सेन्सरची, म्हणजे क्रँक सेन्सरची, खबर मिळाली नाही की गाडीच्या कॉम्प्युटरला ठिणगी कधी पाडायची आणि पेट्रोल कधी सोडायचे हेच कळत नाही, म्हणून तो दोन्ही बंद करतो. आतल्या केसासारख्या तारेला कुठेतरी तडा गेला असेल, तर तापल्यावर ती फाकते आणि निवल्यावर पुन्हा टेकते. अशा वेळी स्कॅनरमध्ये कोड नोंदला जाईलच असे नाही.

तरीही आपण लगेच नवा सेन्सर आणायला सांगितले नाहीत. ‘आधी खात्री, मग खर्च,’ म्हणालात. भर उन्हात आमच्यासोबत मागच्या सीटवर बसून पाळधीच्या दिशेने आलात, गाडी बंद पडेपर्यंत गप्पा मारत राहिलात, आणि ती बंद पडल्यावर खांद्यावरचा बागायती रुमाल बाटलीतल्या पाण्याने भिजवून, बॉनेटखाली हात घालून, फक्त त्या एका सेन्सरवर दाबून धरलात. रुमालातून आधी वाफ निघाली, मग पाणी टपकू लागले. पाचव्या मिनिटाला आपण ‘मारा चावी’ म्हणालात आणि जी गाडी एरवी पाऊण तास हलायची नाही ती चालू झाली. त्या पांढऱ्या रुमालावर पडलेला काळा डाग काही निघाला नसेल.

मी ज्या गावात शिकवते तिथे साने गुरुजींनी प्रताप हायस्कूलमध्ये मुलांना शिकवले. त्यांच्यावर भाषणे बसवून घेणे हे माझे दर वर्षीचे काम आहे. समोरच्या माणसाला माणूस समजावे, हे मी मुलांकडून कितीदा पाठ करून घेतले असेल. पण ते करतात कसे, म्हणजे स्टूल कुठे ठेवायचे, कोणत्या भाषेत बोलायचे, उत्तर येईपर्यंत किती वेळ गप्प राहायचे, हे मी आपल्या शेडमध्ये पाहिले. आपल्याकडे स्कॅनर आहे, मीटर आहे, आणि काम तर आपल्याला येतेच. पण ज्ञान असूनही समोरच्याचे ऐकून घेणारी माणसे मला त्या तीन महिन्यांत आपल्याखेरीज भेटली नाहीत. चांगली माणसे कमी झाली आहेत असे मी म्हणणार नाही. ती काचेच्या दालनात बसत नाहीत, रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली असतात आणि आपण त्यांच्यासमोरून वेगाने निघून जातो, एवढेच.

आईची पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे. या वेळी तिने घरी केलेल्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा आपल्यासाठी भरून ठेवला आहे आणि कुणालाही त्याला हात लावू देत नाही. गाडीत ती अजूनही माझ्या शेजारीच बसते. गिरणेचा पूल आला की मी काही विचारण्याआधीच ती काट्याकडे पाहून सांगते, ‘जागेवर शे.’ आता घरात आम्ही तिला विचारू लागलो आहोत, दूध उतू जाते का बघ, दारात कोण आले बघ. ती बघते आणि सांगते. मंगळवारी दहाच्या सुमारास शेडवर येऊ. नवा रुमालही आणते आहे, तो नाकारू नये ही विनंती.

आपली नम्र,
अमळनेरची एक शिक्षिका