आधी जागा जाहीर करा, मग ‘रेफर’ करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्यांत नवी जागा निघाली की ती बऱ्याचदा आधी आतल्या आत फिरते. ‘ओळखीचं कुणी असेल तर सीव्ही पाठवा, माणूस टिकला तर रेफरल बोनस.’ ती जागा बाहेरच्या मुलांना दिसेपर्यंत आतून आलेल्यांच्या मुलाखती सुरूही झालेल्या असतात. आपल्या वृत्तपत्रात पुण्यातल्या नोकऱ्यांवर पुष्कळ छापून येते, पण या दाराबद्दल फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

या पद्धतीला सरसकट नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. माझी सगळी नोकरी भोसरी-पिंपरीतल्या कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात गेली. शिफ्ट सुटताना गेटवर कुणी ना कुणी खिशातून घडी घातलेला बायोडाटा काढायचाच. “साहेब, मेहुण्याचा आहे, बघा जरा.” असा आलेला मुलगा सहसा टिकायचा. खोली, डबा, कामाचे पहिले धडे, सगळे त्याला आपल्या माणसांकडून मिळायचे. दांड्या मारायला लागला तर आमच्याआधी मेहुणाच त्याचे कान उपटायचा. मॅनेजमेंटची फुकटात सोय.

एका कारखान्यात प्रेस शॉपची, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या यंत्रांच्या खात्याची, अख्खी शिफ्ट अशी हळूहळू एकाच तालुक्यातून भरत गेली. गावची यात्रा आली की निम्म्या प्रेस बंद! हे एकवेळ हसण्यावारी नेता येईल. पण त्या लाइनवर दुसऱ्या भागातला, चांगला आयटीआय झालेला मुलगा घातला तर त्याला डाय (साचा) सेट करायला कुणी शिकवायचे नाही. चहाला बोलवायचे नाहीत, ओव्हरटाइमच्या यादीत त्याचे नाव शेवटी. महिना-दोन महिन्यांत तो कंटाळून निघून जायचा आणि सुपरवायझर आम्हाला ऐकवायचा, “बघा, बाहेरची पोरं टिकत नाहीत.”

ओळखीने आलेले कर्मचारी जास्त टिकतात, असे एचआरवाले आज सांगतात. ते खोटे नाही, अभ्यासांतही तसे दिसले आहे. पण त्यातले किती त्या माणसाच्या अंगच्या गुणांमुळे आणि किती शेजारच्या खुर्चीवर आपलाच वर्गमित्र बसलेला असल्यामुळे, हे मात्र कुणी विचारत नाही. आयटीत तालुक्याच्या जागी कॉलेज आणि बॅच आली, एवढाच फरक.

महाराष्ट्राने हे आधी पाहिलेले आहे. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती होती आणि तो आपल्या गावची, नात्याची, जातीची माणसे आणायचा. विणखात्यात पगार बरा होता, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तेवढ्यावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. पुढे कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांमधल्या मुलांचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. जातीच्या ओळखीवर कामगाराची नोकरी मिळण्याची सवय असलेल्या घरांतले मुलगे मराठी माध्यमातच राहिले. त्याच घरांतल्या मुलींना या ओळखींचा काही उपयोग नव्हता, त्या मात्र इंग्रजी शाळांकडे वळल्या. म्हणजे वशिल्याने आतल्यांचेही भलेच होते असे नाही.

जाहिरात दिली की सगळे आपोआप सुरळीत होते, असेही मी म्हणत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये आला. वृत्तपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त आडनावे बदलली. उच्चवर्णीय नावांपेक्षा दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. जाहिरात असून ही गत. जिथे जाहिरातच नाही, तिथे या मुलांचा अर्ज नाकारायलासुद्धा कुणाच्या टेबलावर पोहोचत नाही.

आमच्या शेजारच्या इमारतीत कॉट बेसिसवर राहणारी उदगीरकडची एक इंजिनिअर मुलगी आहे. तिच्या कॉलेजातले हिंजवडीत कुणी नाही. ती लिंक्डइनवर अनोळखी माणसांना ‘सर, प्लीज रेफर’ असे संदेश पाठवते आणि कुणाला कधी पाठवला ते वहीत लिहून ठेवते. बहुतेक नावांपुढे ‘सीन’ एवढेच आहे, म्हणजे संदेश पाहिला, उत्तर नाही.

मुलींचा प्रश्न तर आणखी वेगळा. मलावीत झालेल्या एका भरतीच्या प्रयोगात पुरुषांनी पात्र स्त्रिया ओळखीत असूनही पुरुषांचीच नावे जास्त सुचवली. इंटेलने २०१५ मध्ये स्त्रिया आणि अल्पसंख्याकांना सुचवणाऱ्यांचा बोनस दुप्पट केला होता. माणसांना असे वेगवेगळे भाव लावणे मला रुचत नाही. त्यापेक्षा कोलकात्यात झालेला प्रयोग मला पटतो. लोरी बीमन आणि जेरेमी मॅग्रुडर यांचा तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस आणल्याबद्दल ठरावीक पैसे न देता आणलेल्या माणसाच्या कामगिरीवर बक्षीस ठेवले, तेव्हा लोकांनी नातेवाइकांपेक्षा सहकाऱ्यांची नावे जास्त दिली. खिशाला झळ बसली की भाचा आठवत नाही!

१९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले होते. माणूस तिथूनच घ्या, अशी सक्ती नव्हती. पुष्कळ ठिकाणी ते पत्र जायचे तेव्हा माणूस ठरलेला असायचा, ही गोष्ट वेगळी. पण जागा आहे हे चार लोकांना कळले पाहिजे, हा त्यामागचा विचार योग्यच होता.

रेफरल बंद करा, असे माझे म्हणणे नाही. जागा निदान पंधरा दिवस सर्वांसाठी खुली ठेवा, तोवर आतल्या नावांवर निर्णय नको. मुलाखत घेणाऱ्यांना कोण कुणाच्या ओळखीने आला हे कळू देऊ नका. बोनस कामगिरी पाहून द्या. मराठा चेंबरसारख्या उद्योजकांच्या संस्थेने आपल्या सभासद कंपन्यांकडून दोनच आकडे मागवावेत: गेल्या वर्षी किती जागा भरल्या आणि त्यातल्या किती बाहेर जाहीर झाल्या. ते मिळाले तर आपल्या वृत्तपत्राने नोकरीविषयक पानावर कंपनीच्या नावासकट छापावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी, चिंचवड