रविवारी चालत खेळायचं नेटबॉल : सर्व मैत्रिणींसाठी सूचना

मैत्रिणींनो, नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० ते ११:३०, नेहमीच्या लेझर सेंटरच्या (क्रीडा केंद्राच्या) हॉलमध्ये आपण वॉकिंग नेटबॉल खेळणार आहोत. नेटबॉल म्हणजे एकमेकींना पास देत उंच खांबावरच्या कड्यात चेंडू टाकायचा खेळ; वॉकिंग म्हणजे तोच खेळ, पण चालत. इंग्लंडमध्ये हा प्रकार आता गावोगावी खेळला जातो. गुडघे दुखतात म्हणून घरी बसलेल्यांनी तर यावंच.

– धावायचं नाही, उडी मारायची नाही. चेंडू हातात नेहमीच्या नेटबॉलमधल्या ३ ऐवजी ४ सेकंद ठेवता येतो. हा एक सेकंद फार मोलाचा! मागच्या वेळी आमच्या एका काकूंनी तेवढ्यात मान वळवून मोकळी जोडीदार हेरली आणि अचूक पास दिला.

– नखं कापून या. बांगड्या, कानातलं, मंगळसूत्र घरीच ठेवा. निघत नसलेल्या अंगठीवर टेप लावू. यात सवलत नाही, कारण इजा समोरच्या बाईला होते.

– ९ ते ११ वयाच्या मुलींना आणलंत तरी चालेल. त्यांच्यासाठी ४ नंबरचा (थोडा लहान) चेंडू आणि १० ऐवजी ९ फुटांचा खांब लावू, एका संघात पाच जणी.

शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव कळवा. पाण्याची बाटली आणि न घसरणारे बूट आणा.